आधी आणि म्हणून

८ जानेवारी

प्रिय दादा,

तुझा फोन लागत नाही, म्हणून हे पत्र. पत्ता तुझ्या वायरमन मित्राने दिला. सुरुवातीला देईना. "मला शपथ घातलीय त्याने," म्हणाला. मी म्हटलं, शपथ फोन नंबराची घातलीय ना, पत्त्याची कुठे घातलीय? तो हसला आणि सिगारेटच्या पाकिटावर लिहून दिला. त्याच्यावर रागावू नकोस.

काम असं आहे. वाहतूक नियंत्रण कक्षाची परीक्षा मी एप्रिलमध्ये पुन्हा देतेय. पुढच्या वर्षी वयात बसणार नाही, तेव्हा ही शेवटची. गेल्या खेपेला गणित निघालं, भाषा निघाली आणि क्रमाच्या कोड्यांत बुडाले. कोण कोणाच्या आधी, कोण कोणाच्या नंतर. तू लहानपणी असली कोडी चहा गार व्हायच्या आत सोडवायचास आणि मी शेजारी पेन्सिल चावत बसायचे. त्या पेन्सिली वाया गेल्या म्हणायच्या.

एक नमुना पाठवते. दवाखान्यात पाच जण आले: शिंपी, माळी, वकील, सुतार आणि नर्स. शिंपी माळ्याच्या आधी आला. वकील सुताराच्या लगेच आधी आला. सुताराच्या आधी जितके आले तितकेच त्याच्या नंतर आले. नर्स सगळ्यांत शेवटी आली. तर चौथं कोण?

मी शिंप्याला पहिला बसवला, माळ्याला दुसरा. सुतार मधला, म्हणजे तिसरा. नर्स पाचवी. मग वकील सुताराच्या लगेच आधी कसा बसणार? तिथे माळी बसलाय. वकिलाला हातात धरून मी तासभर बसले होते. माझं कुठे चुकतं ते सांग.

बाबा आता काठीने खिडकीपर्यंत जातात. उजवा हात तसाच आहे. बोलणं "हं", "नको" आणि "ते" एवढंच. त्यांचं पाट्यांचं दुकान बंदच आहे. मी औषधांच्या दुकानातून सातला येते, तोवर आई एकटी त्यांचं सगळं करते. मी पास झाले तर प्रशिक्षणाला दुसऱ्या गावी जावं लागेल. मग घरी कोण, हा प्रश्न आहे. तो तुला विचारत नाहीये. आत्ता तरी.

आईला हे पत्र माहीत नाही.

तुझी
छोटी


१९ जानेवारी

छोटे,

आधी वकिलाला खाली ठेव. हात दुखले असतील.

तुझ्या दोन चुका आहेत. पहिली, तू वाक्यं ज्या क्रमाने छापली आहेत त्याच क्रमाने वापरतेस. पेपर काढणारा मुद्दाम सर्वांत ढिलं वाक्य पहिलं ठेवतो. "शिंपी माळ्याच्या आधी" हे ढिलं वाक्य आहे, ते कितीतरी प्रकारे खरं होऊ शकतं. सगळी वाक्यं आधी नुसती वाच आणि घट्ट कुठलं आहे ते शोध. सुतार मधोमध, हे घट्ट. नर्स शेवटी, हे घट्ट. पाच चौकोन काढ आणि ती दोघं बसव. आता वकील सुताराच्या लगेच आधी, म्हणजे दुसरा. उरले पहिला चौकोन आणि चौथा. शिंपी माळ्याच्या आधी, म्हणजे शिंपी पहिला, माळी चौथा. संपलं.

दुसरी चूक मोठी आहे. वाक्यात "आधी" होतं, तू "लगेच आधी" वाचलंस. शिंपी आणि माळी यांच्यामध्ये दोन माणसं येऊन गेली तरी शिंपी माळ्याच्या आधीच असतो. कागदावर जेवढं लिहिलंय तेवढंच घे. आपल्या पदरचं काही घालू नकोस.

इथे बंदरावर माझं रोजचं काम हेच आहे. कुठला कंटेनर कुठल्यावर ठेवायचा. जहाज तीन ठिकाणी थांबणार असेल तर शेवटच्या ठिकाणचा माल तळाला, पहिल्या ठिकाणचा वर. आमचा मुकादम म्हणतो, चढवताना उतरवण्याचा विचार कर. कोड्यातही कधीकधी शेवटच्या जागेपासून उलटं येणं सोपं पडतं. आणि जागा पक्की नसेल तर दोन जणांची जोडी करून ती अख्खी सरकवून बघ. एकेकटा माणूस फार जागी बसतो, जोडी थोड्याच ठिकाणी बसते.

रोज पाच कोडी सोडव. घड्याळ लावू नकोस अजून. वेग आपोआप येतो.

मी फक्त कोड्यांबद्दल लिहीन. बाकी काही विचारू नकोस. माझा पत्ता आईला देऊ नकोस.

दादा


२ फेब्रुवारी

प्रिय दादा,

जमायला लागलंय! आता वाक्यं आधी नुसती वाचते, मग घट्ट कुठलं त्याच्यावर खूण करते. दहातली सहा येतात. माझी आणखी एक खोड सापडली. "वकील पहिला नाही" असं असलं की मी लगेच त्याला शेवटचा करून टाकायचे. आता "नाही"ची वाक्यं चौकोनाखाली बारीक लिहून ठेवते आणि शेवटी वापरते.

एक अडतं. काही प्रश्नांत चौथा पर्याय असतो, "दिलेल्या माहितीवरून सांगता येत नाही." त्याच्यावर खूण करायला माझा हातच उचलत नाही. वाटतं, आपल्याला येत नाही म्हणून पळ काढतोय. गेल्या वर्षी मी तो एकदाही निवडला नाही.

आता तू नको म्हटलेलं लिहिते. तुझं पाकीट मी टेबलावर विसरले आणि दुकानात गेले. संध्याकाळी आले तर ते बाबांच्या मांडीवर. त्यांना वाचता येतं की नाही हे अजून डॉक्टरांनाही नीट कळलेलं नाही. पण पत्त्यातल्या अक्षरांवरून ते डाव्या हाताचं बोट फिरवत होते, अगदी रंग ओला आहे का बघताना फिरवायचे तसं, कागदाला न टेकवता. तुझं अक्षर त्यांनीच घडवलंय. पाट्या रंगवणाऱ्या माणसाला अक्षर ओळखायला वाचता यावं लागत नाही. मी पाकीट मागितलं तर "नको" म्हणाले आणि शर्टाच्या खिशात घातलं.

दुसऱ्या दिवशी आईने तो शर्ट धुवायला काढला. खिशातून पाकीट काढलं, उलटसुलट पाहिलं आणि धुतलेल्या शर्टाच्या खिशात परत घालून ठेवलं. मी दारातून पाहिलं, हे तिला माहीत नाही. 

दादा, ये ना. माझी परीक्षा बाजूला ठेव. गेल्या महिन्यात त्यांना ताप आला तेव्हा डॉक्टर म्हणाले, दुसरा झटका येऊ शकतो, सांगता येत नाही कधी. ते तुला ओळखतायत तोवर ये.

तुझी
छोटी


१४ फेब्रुवारी

छोटे,

चौथ्या पर्यायाचं आधी सांगतो. चौकोनांच्या दोन ओळी काढ. एकीत एक शक्यता, दुसरीत दुसरी. प्रत्येक वाक्य दोन्हींना लावून बघ. एक ओळ मोडली तर उत्तर मिळालं. दोन्ही शेवटपर्यंत उभ्या राहिल्या आणि प्रश्न नेमका त्यांच्यातल्या फरकाचा असला, तर "सांगता येत नाही" हेच उत्तर. तो पळ नसतो. खात्री नसताना खात्री दाखवणं हा पळ असतो.

आता दुसरं. मला वाटलं होतं तुला खरंच कोडी शिकायची आहेत. परीक्षा हे निमित्त होतं हे मला पहिल्याच पत्रात कळायला हवं होतं. "घरी कोण हा प्रश्न तुला विचारत नाहीये, आत्ता तरी." हुशार आहेस. गळ टाकायचा आणि वर म्हणायचं, मी मासे धरत नाहीये.

मी का येत नाही हे तुला माहीत नाही, कारण त्या दिवशी तू औषधांच्या दुकानात होतीस. मी बाबांना सांगायला आलो होतो की पुढच्या खोलीतलं हे पाट्यांचं दुकान बंद करा, आता मशीन तासाभरात छापून देतं, मला बंदरावर काम मिळालंय, तुम्हाला बसून खाता येईल. मी हे नीट बोललो नाही. ते चिडले, मी जास्त चिडलो. मी म्हटलं, तुमची अक्षरं बघायला कोणाला वेळ आहे? त्यानंतर ते उठायला गेले आणि पडले. हॉस्पिटलमध्ये बाहेरच्या बाकावर आई मला म्हणाली, "तुझ्या जिभेने केलं हे. आता झालं समाधान?" तिने त्यानंतर माझ्याकडे पाहिलं नाही. मी दोन आठवडे तिथेच होतो, तिने पाहिलं नाही.

भांडण झालं आणि ते पडले. मध्ये कोणी शिंपी नाही, कोणी माळी नाही. हा क्रम पक्का आहे. मी पुन्हा त्या खोलीत गेलो, माझा आवाज एक पट्टी वर गेला आणि त्यांना काही झालं, तर? मी इथूनच बरा.

घरी बाई ठेवा. तिचं मी बघतो.

पुन्हा लिहू नकोस. परीक्षेला शुभेच्छा.

दादा


२० मार्च

दादा,

तुझ्या पत्राचं उत्तर द्यायचं नाही असं ठरवलं होतं आणि महिनाभर पाळलंही. राग आला होता. मी कोडी शिकण्यासाठीच लिहिलं होतं आणि तू यावंस म्हणूनही लिहिलं होतं. दोन्ही खरं होतं. माणूस एका पाकिटात दोन गोष्टी घालू शकतो.

आज लिहितेय कारण माझी अक्कलदाढ दुखते. हसू नकोस. चौकापलीकडच्या दातांच्या डॉक्टरबाईंकडे गेले. जिन्याच्या तोंडाशी त्यांची पाटी आहे, निळ्यावर पांढरी. लांबूनच ओळखली, बाबांची. वरची ओळ, "दातांचा दवाखाना", अगदी त्यांची. पट्टी न लावता ओढलेली आणि पट्टीपेक्षा सरळ. खाली लहान अक्षरांत आहे, "कृपया नाव सांगून बसावे." दादा, ती ओळ उजवीकडे घसरलीय. "नाव"पर्यंत ठीक आहे, मग अक्षरं उतरणीला लागल्यासारखी खाली जातात. शेवटचं "बसावे" तर कडेला आपटलंय, त्याच्या मात्रेचा फटकारा चौकटीच्या रेषेबाहेर गेलाय. बाबांनी असली पाटी कोणाला दिली नसती. रंगवून झाल्यावर तीनदा मागे सरकून बघायचे आणि मनाला आलं नाही तर पुसायचे. आई म्हणायची, लग्नात माझ्याकडेसुद्धा इतकं पाहिलं नव्हतं.

मी तोंड उघडून खुर्चीत पडले होते, तरी विचारलंच. बाई म्हणाल्या, "ती पाटी त्यांनी ज्या दिवशी आजारी पडले त्याच दिवशी दिली. माझी माणसं आणायला गेली तर रंग ओला होता. ते कधी ओली पाटी देत नसत, पण त्या दिवशी म्हणाले, घेऊन जा, घेऊन जा. ओळ वाकडी आहे हे मी टांगल्यावर पाहिलं. परत द्यायचा विचार होता. तेवढ्यात कळलं, आणि मग मला ती उतरवावीशी वाटली नाही."

बाईंची माणसं सकाळी गेली होती एवढं त्यांना आठवतं, नेमकं कधी ते आठवत नाही. मला ते फक्त एका माणसाकडून कळू शकतं. आईला आठवत नाही, ती मागच्या अंगणात कपडे वाळत घालत होती.

म्हणून विचारते. तू त्या दिवशी वर आलास तेव्हा ती पाटी खोलीत होती का? आठवून सांग. अंदाजाने सांगू नकोस. तूच शिकवलंस, आपल्या पदरचं काही घालायचं नाही. आणि तूच "आधी" वाचून त्याचं "म्हणून" करून टाकलंस. भांडण पडण्याच्या आधी झालं, एवढंच कागदावर आहे. बाकीचं तू आणि आईने लिहिलंय.

छोटी


२८ मार्च

छोटे,

पाटी खोलीत नव्हती.

ती जिन्यात होती. दोन माणसं ती आडवी धरून खाली उतरत होती आणि मी वर चढत होतो. जिना अरुंद, त्यातला पुढचा ओरडला, "अहो, ओला रंग आहे, भिंतीला चिकटा." मी भिंतीला पाठ लावून उभा राहिलो आणि ते गेले. तरी बाहीला पांढरा डाग पडलाच. तो शर्ट मी अजून वापरतो, गोदीत कोण बघतंय. डाग कशाचा हे मी विसरलो होतो असं नाही. त्याचा कधी विचारच केला नाही.

मी पाटीकडे पाहिलं नाही. माझ्या डोक्यात वर जाऊन काय बोलायचं त्याची वाक्यं चालली होती. जरा मान वळवली असती तर ती घसरलेली ओळ मला दिसली असती.

तुझं पत्र वाचल्यावर मी कामावरून लवकर निघालो आणि चौकोन काढले. खरंच काढले, तुझ्यासारखे. ओळ वाकडी झाली. पाटी खाली गेली. मी वर आलो. भांडण. पडणं. पहिले तीन आता इकडचे तिकडे होऊ शकत नाहीत. हात आधी बिघडला होता.

आणखी एक आठवलं. भांडताना बाबा एकच शब्द दोनदा-दोनदा म्हणत होते. "दुकान दुकान," "तुला तुला." मला वाटलं, ते मला वेडावतायत. लहानपणी मी रडत रडत बोलायचो तेव्हा करायचे तसे. मी त्याच्यावरच जास्त भडकलो. तुला कळतंय का, मी कशावर भडकलो ते?

पण छोटे, मला सुटल्यासारखं वाटत नाही. दुखणं माझ्या आधी सुरू झालं होतं, हे पक्कं. माझ्या ओरडण्याने ते वाढलं का, मी न ओरडता त्यांच्याकडे नीट पाहिलं असतं आणि उचलून दवाखान्यात नेलं असतं तर हात वाचला असता का, त्याच्या दोन्ही ओळी उभ्याच राहतात. मी प्रत्येक वाक्य लावून पाहिलं. एकही मोडत नाही.

आईला सांगायचं का ते तू ठरव. तिला दोष लावल्यासारखं सांगू नकोस.

दादा


६ एप्रिल

प्रिय दादा,

परीक्षा चार दिवसांवर आली आहे आणि मी अभ्यास सोडून हे लिहितेय. पण आधी हे लिहिल्याशिवाय डोकं चालणार नाही.

आईला काल सांगितलं. ती बाबांची औषधं डब्यांत लावत होती. मी पाटीचं सांगितलं, जिन्यातलं सांगितलं, तुझ्या बाहीवरच्या डागाचं सांगितलं. ती गोळ्या लावत राहिली. मला वाटलं, ऐकत नाहीये. मग म्हणाली, "त्या दिवशी सकाळी चहाचा कप त्यांनी डाव्या हाताने उचलला होता. मी म्हटलं, उजवा काय गहाण टाकलाय का? तर हसले. वाकडंच हसले. मला वाटलं, माझी थट्टा करतायत."

तिने एका डब्याचं झाकण लावलं. मग म्हणाली, "मी बायको ना त्यांची? समोर बसून चहा घेत होते. मला दिसलं आणि कळलं नाही. हॉस्पिटलात त्या बाकावर बसल्या बसल्या मला ते आठवलं. आणि तेवढ्यात हा समोर आला."

दादा, तिने ते तुझ्यावर का टाकलं हे तिला तेव्हापासून माहीत होतं. म्हणून ती तुझ्याकडे बघत नव्हती.

मी विचारलं, दादाला लिहू का? म्हणाली, "काय लिहिशील? मी काय त्याला पत्राने सांगणार?" आणि उठली. संध्याकाळी मी दुकानातून आले तर ती तुझी खाट रिकामी करत होती. दुकान बंद केल्यापासून रंगाचे सगळे डबे तिच्यावर रचले होते ना. एकेक उचलून बाल्कनीत नेत होती. मी मदत करायला गेले तर म्हणाली, "तू अभ्यास कर. वरचा आधी उतरवायचा, एवढं मला येतं."

आज मी बाबांच्या डॉक्टरांना भेटून आले. तुला शब्दशः सांगते. ते म्हणाले, अशी गुठळी भांडणाने तयार होत नाही. सकाळपासून ती तिथे असावी. भांडण झालं नसतं तरी ते त्या दिवशी पडले असते, बहुतेक. मी विचारलं, "बहुतेक" काढून टाकता येईल का? म्हणाले, नाही. म्हणून मीही काढत नाही. तुला खोटं घट्ट वाक्य देणार नाही.

पण मला एक दिसतं. तुझ्या ज्या दोन ओळी उभ्या राहिल्या, त्यांतल्या कुठल्याच ओळीत तू बंदरावर बसून राहायचं कारण लिहिलेलं नाही.

ये. आईने बोलावलंय असं मी लिहिणार नाही, कारण तिने तसं म्हटलेलं नाही. खाट रिकामी आहे.

तुझी
छोटी


३ ऑगस्ट

चि. छोटीस,

प्रशिक्षणार्थींच्या वसतिगृहाचा पत्ता आईने दारामागे लावलाय, त्यावरून लिहितोय. तुला फोनवर सांगता आलं असतं, पण फोन आई काढून घेते आणि मग वरणात मीठ किती यावर गाडी जाते. शिवाय हे मला नीट क्रमाने सांगायचंय.

मी आलो त्याला आता बरेच दिवस झाले. तू स्टेशनवर होतीस, पुढचं बरंचसं तुला माहीत आहे. आई दारात आली, माझ्या हातातली बॅग घेतली आणि म्हणाली, "शूज बाहेर काढ, आत्ताच पुसलंय." त्या दिवसाबद्दल आम्ही दोघंही पुढे काही बोललो नाही. बोलायची गरज आहे असं वाटतं, पण तिला फुरसत नसते आणि मला धीर नसतो. एकदा कांदा चिरताना ती म्हणाली, "त्या दिवशी मी बोलले ते." मी म्हटलं, "हो." ती म्हणाली, "बरं." तुला कमी वाटेल. मला पुरलं.

बाबांचं मात्र तसं नव्हतं. मी त्यांना अंघोळ घालतो, दाढी करतो, व्यायाम करून घेतो. इथल्या गोदामातलं नवं काम सकाळचं आहे, म्हणून दुपारपासून मी घरीच. पण मी त्यांच्याशी कुजबुजत बोलायचो. तू गेल्यावर तर जास्तच. खुर्ची सरकवतानासुद्धा उचलून ठेवायचो. ते "नको" म्हणाले की लगेच थांबायचो. त्यांच्या शेजारी मी कंटेनर रचल्यासारखा वागत होतो, एक हलला की सगळं कोसळेल. आई एकदा म्हणाली, "घरात कोणी झोपलंय का?"

काल दारावरची नावाची पाटी बदलली. जुनी पार उडाली होती, टपालवाला रोज शेजारी विचारायचा. मी कोपऱ्यावरच्या दुकानातून छापील आणली. विचारच केला नाही, छोटे. कामावरून येताना दिसलं दुकान, आणली, चिकटवली. खिडकीपासून परतताना बाबांचं तिकडे लक्ष गेलं. काठी टेकत दारापर्यंत गेले. पाटीच्या अगदी जवळ तोंड नेलं. मग वळले आणि म्हणाले, "गाढवा!"

स्पष्ट. पहिलं अक्षरही अडखळलं नाही. व्यायाम शिकवणाऱ्या बाई म्हणतात की असे शब्द कधीकधी आधी परत येतात, ते डोक्यात वेगळ्या ठिकाणी ठेवलेले असतात. मी म्हटलं, आमच्या घरात ते माझ्या नावाच्या खणात ठेवलेले असणार.

"गाढवा! ते ते... नको! गाढवा!" काठीने पाटीवर ठोकत होते. मान लाल झाली होती, गळ्याची शीर फुगली होती. आई स्वयंपाकघरातून धावत आली आणि दारातच थांबली. मी त्यांचा चेहरा बघत राहिलो, दोन्ही बाजू सारख्या आहेत का, डोळा कुठे ओढला जातोय का. मी हळू आवाजात म्हटलं, "काढतो बाबा, लगेच काढतो, तुम्ही बसा." आणि नखाने पाटीचा कोपरा सोडवायला लागलो.

त्यांनी माझ्या हातावर काठी मारली. जोरात नाही. वर पाहिलं तर ते माझ्याकडे बघत होते. रागाने नव्हे, म्हणजे रागानेच, पण वाट बघितल्यासारखे. पत्त्यांच्या डावात समोरचा पान टाकायला वेळ लावतो तेव्हा बघतात तसे. सव्वा वर्ष सगळे त्यांना "हो हो" म्हणत होते. त्यांच्याशी कोणी भांडलंच नव्हतं.

मी आईकडे पाहिलं. तिने मान हलवली नाही, पण मला अडवलंही नाही.

मग मी आवाज चढवला. "काय वाईट आहे तिच्यात? लांबून वाचता येते, उडणार नाही, पुसून घेता येते! तुमची होती ती दोन पावसाळ्यांत गेली!"

"नको!" ते ओरडले.

"नको म्हणजे? टपालवाल्याला काय सांगू, ओळखून घे म्हणून?"

"गाढवा! तो तो... टपाल गाढवा!"

"तोही गाढव, मीही गाढव, मग शहाणं कोण आहे इथे?"

त्यांनी काठी डाव्या बगलेत धरली आणि डाव्या हाताने स्वतःच्या छातीवर थोपटलं. दोनदा. मला हसू आवरेना आणि मी तसाच भांडत राहिलो. किती वेळ ते माहीत नाही. पाटी अजून तिथेच आहे, अर्धी सोललेली. तिचं काय करायचं ते ठरलं नाही, आज जेवताना तोच विषय निघणार. त्यांना काही झालं नाही. दमले, खुर्चीत बसले, पाणी मागितलं. मी ते त्यांच्या हातात आदळलं.

आई तोवर आत निघून गेली होती. तिथूनच म्हणाली, "दोघांचं झालं असेल तर कोणीतरी दार लावा. सगळा जिना ऐकतोय."

दादा